सुतारपक्षी नसलेल्या देशातले पॉसम

शुगर ग्लायडरचे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील, हातपाय ताणून या झाडावरून त्या झाडावर तरंगत जाणारा. दिसायला सह्याद्रीतल्या उडत्या खारीसारखा, पण नातं काहीच नाही, हा ऑस्ट्रेलियातला पॉसम, कांगारूच्या गोतावळ्यातला, पोटाला पिशवीवाला. आणि गंमत म्हणजे पॉसममध्येसुद्धा ही कातडीची पडदी तीन वेगवेगळ्या घराण्यांत आपापली, स्वतंत्रपणे आलीय. शुगर ग्लायडरची सुरू होते करंगळीपासून, ग्रेटर ग्लायडरची कोपरापासून, त्यामुळे तो गडी कोपरं बाहेर काढून, मुठी हनुवटीखाली घेऊन निघतो आणि 100 मीटरपर्यंत जातो. फेदरटेल ग्लायडर तर जेमतेम 10-15 ग्रॅमचा!

बरं, हे दिवसभर झोपतात कुठे? झाडाच्या ढोलीत. आपल्याकडे सुतारपक्षी, तांबट भोकं पाडून ठेवतात, मग त्यात पोपट, मैना कोणीही घुसतं. ऑस्ट्रेलियात सुतारपक्षीच नाही. तिथे फांदी मोडणार, मग बुरशी लागणार, वाळवी आतून पोखरणार, तेव्हा कुठे ढोली होणार, आणि याला शंभर-दीडशे वर्षं सहज जातात.

सगळ्यात जास्त अडकलाय लेडबीटर पॉसम. आपलं जसं शेकरू तसा हा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा राज्यप्राणी, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, भावकी ग्लायडरची, पण याला पडदी नाही. 1909 नंतर दिसलाच नाही, लोकांनी नामशेष म्हणून सोडून दिला आणि 1961 मध्ये मेलबर्नच्या पूर्वेच्या डोंगरात परत सापडला. त्याआधी, 1939 साली, तिथे भयंकर वणवा लागला होता. तिथली माउंटन अ‍ॅशची, म्हणजे निलगिरीतल्या सगळ्यात उंच जातीची, झाडं जळून मेली पण उभी राहिली, त्यांच्यात ढोल्या होत्याच, आणि खाली बाभळीच्या जातीची झाडं माजली ज्यांचा चीक हा चाटून खातो. घर पण, जेवण पण. म्हणजे ज्या आगीने जंगल खाल्लं तिनेच काही वर्षं याची चंगळ केली, हे मला तरी भारी वाटतं.

पण मेलेली झाडं किती दिवस उभी राहणार, ती आता एकेक करून कोसळतायत. वणव्यानंतर उगवलेली झाडं उंच झालीत, पण वय 80-90 वर्षं, म्हणजे ढोलीच्या हिशोबाने पोरंच. त्यात वर्षानुवर्षं लाकूडतोड, त्यात 2009 चा वणवा. 2024 पासून व्हिक्टोरियाने सरकारी जंगलातली लाकूडतोड बंद केली, चांगलंच झालं, पण त्याने उद्या ढोल्या येणार नाहीत. म्हणून मधल्या काळासाठी लाकडी खोके टांगतात, आणि काही ठिकाणी माणसं दोर बांधून उंच चढतात, चेनसॉने जिवंत खोडात पोकळी कोरतात, पुढे लाकडाची फळी ठोकून पॉसमपुरतं बारीक भोक ठेवतात. सुतारपक्ष्याचं काम, फक्त पेट्रोलवर.