जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर आणि जळगावचा मे महिना

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची देखभाल थांबवली. तेव्हापासून जळगाव-भुसावळकडे एकच प्रश्न सारखा कानावर येतो : "भाऊ, लॅपटॉप जुना आहे, पण बॉडी एकदम ओके. नुसता प्रोसेसर बदलून टाकला तर विंडोज 11 चालेल ना?"

नाही चालणार, आणि कारण सरळ आहे. विंडोज 11 ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ज्यांचा प्रोसेसर काढून दुसरा बसवता येतो असे लॅपटॉप मात्र इंटेलच्या चौथ्या पिढीपाशी, म्हणजे 2013-14 च्या सुमारास संपले. पाचव्या पिढीपासून इंटेलचे लॅपटॉप प्रोसेसर मदरबोर्डवर सोल्डर केलेलेच येतात. डेस्कटॉपचा प्रोसेसर बसवलेले काही जाडजूड गेमिंग लॅपटॉप तेवढे अपवाद. त्यामुळे विंडोज 11 साठी प्रोसेसर बदलायचा विचार सोडून द्या.

पण दुसरा प्रश्न उरतोच : 2011-12 चा लॅपटॉप आहे, सॉकेटवाला आहे, म्हणजे प्रोसेसर खाचेतून काढता येतो, त्यात त्याच पिढीचा तगडा प्रोसेसर टाकला तर वेग वाढेल का? मला या प्रश्नात फार रस आहे, कारण त्याचं उत्तर प्रोसेसरपेक्षा उष्णतेच्या नियमांत जास्त दडलेलं आहे. खान्देशात तर नक्कीच.

आधी सॉकेट ओळखू. त्या काळच्या मॉडेल नंबरच्या शेवटी 'एम' किंवा 'क्यूएम' असेल तर प्रोसेसर बहुधा सॉकेटमध्ये असतो, 'यू' असेल तर सोल्डर केलेला. खात्री उघडल्यावरच होते. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, काढलं की हिरव्या पट्टीवर मधोमध आरशासारखा चकचकीत सिलिकॉनचा तुकडा दिसतो आणि सॉकेटच्या कडेला एक स्क्रू. त्याच्या शेजारी उघड्या आणि बंद कुलपाची बारीक चित्रं असतात. स्क्रू अर्धा फेरा फिरवला की पकड सुटते आणि प्रोसेसर जोर न लावता वर उचलता येतो. दुसऱ्या पिढीच्या सॉकेटवाल्या प्रोसेसरला खाली 988 पिना असतात, दोन पिनांमध्ये जेमतेम एक मिलीमीटर अंतर. एक जरी वाकली तरी प्रोसेसर बसणार नाही. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा, की झालं. शिवाय नवा प्रोसेसर त्या बोर्डाच्या बायोसला, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरला, ओळखता आला पाहिजे. नाहीतर फॅन फिरतो आणि स्क्रीन काळीच राहते.

आता उष्णता. प्रोसेसर तापतो तरी का? दुसऱ्या पिढीच्या आय3-2310एम मध्ये सुमारे 62 कोटी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेवर चालणारे सूक्ष्म स्विच, आहेत. प्रत्येक ट्रान्झिस्टरचं गेट म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर, विद्युतभार साठवणारी टाकीच. तो भरला की एक, रिकामा झाला की शून्य. दर वेळी भरताना आणि रिकामा होताना वाटेतल्या रोधामुळे थोडी विद्युत ऊर्जा उष्णतेत बदलते. एका वेळची ऊर्जा नगण्य, पण हे सेकंदाला 210 कोटी ठोक्यांच्या तालावर चालतं. एकूण हिशोब असा :

शक्ती = धारिता × व्होल्टेजचा वर्ग × वारंवारिता

धारिता म्हणजे भार साठवण्याची क्षमता, वारंवारिता म्हणजे सेकंदाला पडणारे ठोके. यातला 'वर्ग' हा शब्द महत्त्वाचा. वारंवारिता वाढवायची तर ट्रान्झिस्टर लवकर भरले पाहिजेत, म्हणून व्होल्टेजही वाढवावं लागतं. समजा वेग 20 टक्क्यांनी वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज 10 टक्के चढवलं. शक्ती होईल 1.2 × 1.1 × 1.1, म्हणजे 1.45 पट. वीस टक्के वेगासाठी पंचेचाळीस टक्के जास्त उष्णता! 2005 च्या आसपास प्रोसेसरच्या गिगाहर्ट्झची शर्यत थंडावली आणि कोअर, म्हणजे एकाच प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, वाढू लागले, ते याच अडचणीमुळे.

या प्रोसेसरच्या माहितीपत्रकात उष्णतेचे 35 वॅट दिलेले असतात आणि सिलिकॉनचा तुकडा जेमतेम दीड चौरस सेंटिमीटरचा. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 23 वॅट. भर दुपारचं डोक्यावरचं ऊन एवढ्याच जागेवर 0.1 वॅट टाकतं. एवढी उष्णता तिथून हलवण्याचं काम तांब्याची ती चपटी नळी करते, आणि संपूर्ण लॅपटॉपमध्ये मला सर्वांत सुंदर वाटणारी वस्तू तीच आहे. हीट पाइप म्हणतात तिला. ती भरीव नसते. आतली हवा काढून टाकून तिच्यात थोडंसं पाणी सीलबंद केलेलं असतं. दाब कमी असल्यामुळे पाण्याला उकळायला 100 अंश लागत नाहीत. वातावरणाच्या एक पंचमांश दाबाला ते 60 अंशांवरच उकळतं. प्रोसेसरकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. फॅनकडच्या टोकाला वाफेचं पुन्हा पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते केशाकर्षणाने परत येतं. मोटार नाही, पंप नाही. आपला माठ पाणी गार करतो ते याच बाष्पीभवनामुळे, फक्त माठातली वाफ हवेत निघून जाते आणि इथली पुन्हा कामाला लागते. 35 वॅट वाहून न्यायला सेकंदाला अवघं 15 मिलीग्रॅम पाणी पुरतं, म्हणजे तीन-साडेतीन सेकंदांना एक थेंब.

पण शेवटी ही उष्णता घ्यायची कोणी? खोलीतल्या हवेने. आणि इथे आपला मे महिना आडवा येतो. फॅन हवा गार करत नाही, तो फक्त आहे ती हवा पातळ पत्र्यांमधून ढकलतो. समजा कंपनीने हीटसिंक असं बेतलं की खोली 25 अंशांवर असताना 35 वॅटला प्रोसेसर 95 अंशांपर्यंत जावा. म्हणजे 70 अंशांच्या फरकाला 35 वॅट, वॅटमागे दोन अंश. आता खोली 43 अंशांवर आहे. फरक उरला 52 अंशांचा, म्हणून बाहेर जाणार फक्त 26 वॅट. त्याहून जास्त तापू लागला की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. खोलीत कूलर लावून हवा 31 अंशांवर आणली तर 32 वॅट मिळतात. लॅपटॉप आहे तोच, प्रोसेसर तोच, वेग वेगळा.

याच गणितात 45 वॅटचा चार कोअरवाला प्रोसेसर घालून बघा. पूर्ण ताकदीने चालला तर 90 अंशांची वाढ हवी, म्हणजे डिसेंबरातल्या थंडीतही तो 100 अंशांच्या पुढे जाणार. विकत घेतलेला वेग वापरताच येणार नाही.

आपल्याकडे यात आणखी भर पडते ती कापसाची. जिनिंगच्या हंगामात हवेतला तंतू फॅनमधून आत ओढला जातो आणि तांब्याच्या पत्र्यांवर नमद्यासारखा थर धरतो. चिमट्याने धरला तर अखंड पट्टी निघते. त्या थराने वॅटमागे दोन अंशांचे तीन झाले तर 43 अंशांच्या खोलीत 17 वॅटच बाहेर पडतील, क्षमतेच्या निम्मे.

यावर उपाय म्हणून जे विकलं जातं त्याची मला चीड येते. एका बटणात लॅपटॉप थंड करणारी 'बूस्टर' सॉफ्टवेअरं घ्या. ती स्वतः प्रोसेसरचा वेळ खातात. लॅपटॉपला चिकटवायची 'रेडिएशन शोषणारी' सोनेरी चिप घ्या; तिने खरोखर लहरी शोषल्या असत्या तर वायफाय बंद पडलं असतं. हवेच्या जाळीवर चिकटवली तर मात्र ती परिणाम करते, हवा अडवण्याचा.

पैसे खर्च करायचेच तर आधी पत्रे साफ करून घ्या आणि प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली, वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदला. जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली डिस्क, टाका. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या डिस्कला एक नोंद शोधायला साधारण 15 मिलीसेकंद लागतात, आणि तेवढ्यात प्रोसेसरचे तीन कोटींहून जास्त ठोके वाट बघण्यात जातात. लॅपटॉप 'स्लो' वाटतो तो बहुतेक वेळा इथे.

एवढं करूनही प्रोसेसर बदलायचाच असेल तर तेवढ्याच वॅटचा घ्या. आय3-2310एम च्या जागी आय7-2640एम चालू शकतो : सॉकेट तेच, 35 वॅट तेच, मूळ वेग 2.1 ऐवजी 2.8 गिगाहर्ट्झ, आणि एका कोअरवर टर्बोने 3.5 पर्यंत. टर्बो म्हणजे तात्पुरता वाढीव वेग, आणि तो मिळतो थंडाव्याला वाव असेल तेव्हाच. म्हणून दुकानात एसीखाली चाचणी घेऊन समाधान मानू नका. घरी आणून दुपारी दोन वाजता अर्धा तास जड काम लावा आणि तापमानाच्या जोडीने गिगाहर्ट्झचा आकडा बघत राहा. तो 2.8 च्या खाली घसरला आणि कूलर लावूनही सावरला नाही तर हीटसिंक पुन्हा उघडायला सांगा, बहुधा पेस्ट नीट बसलेली नाही किंवा पत्रे अजून तुंबलेले आहेत.