चिकटवलेला खोपा आणि पाहिलेला खोपा

प्राथमिक शाळांच्या प्रदर्शनांत ‘कला-एकात्मिक प्रकल्प’ अशी पाटी लावून जे मांडले जाते, त्यातील बराच मोठा भाग निव्वळ सजवलेल्या प्रकल्पांचा असतो. या दोन्ही गोष्टी एकच आहेत हा समज शिक्षक, पालक आणि तपासणीला येणारे अधिकारी या तिघांतही इतका पक्का रुजला आहे, की त्यांतील फरक एखादे उदाहरण घेऊन सविस्तर उलगडून सांगणे भाग पडते. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांच्या यादीत प्रकल्पाला जागा मिळाली. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निरनिराळ्या विषयांतील संकल्पना कलेच्या आधारे शिकण्याचा पुरस्कार केला. या दोहोंची बेरीज आपण घाईघाईने अशी केली, की प्रकल्प नेहमीसारखाच करायचा आणि त्याला वरून कला लावायची. लावायची म्हणजे बहुतेक वेळा फेविकॉलने.

सजवलेला प्रकल्प कसा असतो हे वाचकाला सांगण्याची गरज नाही. कार्डशीट, चमकीची शाई, स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा चित्रांचा तक्ता कापून चिकटवलेले तुकडे, आईच्या अक्षरातील ‘माहिती’, कोपऱ्यात एक कविता आणि वर प्लॅस्टिकचे आवरण. थर्माकोलवर राज्याने २०१८ मध्ये निर्बंध आणल्यानंतरही ज्या शाळांत तो दिसतो, त्यांच्याविषयी येथे बोलत नाही. तो वेगळ्या संतापाचा विषय आहे.

दोन प्रकारांतील किरकोळ फरक चटकन बाजूला ठेवू. एकाला खर्च जास्त येतो आणि दुसऱ्याला कमी, एक रविवारी रात्री होतो आणि दुसऱ्याला काही आठवडे लागतात, एक घरी होतो आणि दुसरा झाडाखाली. हे सगळे खरे आहे, पण यांपैकी कोणत्याही खुणेवरून दोघांना ओळखायला जाल तर फसाल. मातीचे, पानाफुलांचे, एक रुपयाही खर्च न करता केलेले प्रकल्पही निखळ सजावट असू शकतात. चित्रकलेचा तास आणि कला-एकात्मिक अध्ययन यांत गल्लत करणारेही पुष्कळ आहेत, परंतु तो फरक सोपा आहे: चित्रकलेच्या तासाला मूल रंग आणि रेषा शिकते, तर दुसरीकडे रंग आणि रेषा वापरून परिसर अभ्यास किंवा गणित शिकते.

माणसे अडखळतात ती पुढच्या एका प्रश्नापाशी. चित्र आणि कविता प्रकल्पात नेमकी कधी येतात, आणि आल्यावर तेथे कोणते काम करतात?

चौथीच्या वर्गाला ‘पक्ष्यांची घरटी’ हा विषय दिला आहे आणि गटाने सुगरण निवडली आहे असे समजू. सजवलेल्या प्रकल्पात तक्त्याच्या मध्यभागी आंतरजालावरून छापून आणलेले छायाचित्र असते, त्याखाली चार ओळींची माहिती, कापसाची अंडी आणि उजवीकडे बहिणाबाईंची खोप्याची कविता सुवाच्य अक्षरात उतरवलेली. पुष्कळदा एक खराखुरा खोपाही दोऱ्याने टांगलेला असतो. तक्ता देखणा असतो. मुलाने हाताने चित्र काढलेच, तर त्यात खोप्याला बाजूने एक गोल भोक असते आणि त्यातून चोची वासून तीन पिल्ले डोकावत असतात. खोप्याला असे भोक नसते आणि पिल्ले अशी डोकावत नाहीत. पण ही चूक कोणाच्याच लक्षात येत नाही, कारण चित्र पाहण्यातून आलेलेच नसते. माहिती आधी मिळाली, निष्कर्ष आधीच लिहून झाला आणि मग चित्र व कविता त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. मुलाने आयुष्यात एकही खोपा पाहिला नसता, तरी तक्ता असाच झाला असता.

आता तेच मूल खोपे लटकलेल्या बाभळीपासून थोड्या अंतरावर, कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन बसवा. खोडरबर देऊ नका. याबाबतीत माझे मत कडक आहे. मूल सवयीने प्रथम एक गोळा काढते आणि दार काढायला जाते, तेव्हा पेन्सिल थांबते, कारण दार सापडत नाही. मान वाकवून, जागा बदलून पाहिल्यावर लक्षात येते की दार खाली आहे, लोंबणाऱ्या नळीच्या टोकाला, जमिनीकडे तोंड करून. दार खाली असेल तर अंडी पडत कशी नाहीत? हा प्रश्न पाठ्यपुस्तकाने विचारलेला नसतो आणि शिक्षकानेही विचारलेला नसतो. रेषा पुढे नेता येईना म्हणून तो उभा राहिलेला असतो. उत्तरही त्याच झाडावर असते. काही खोपे अर्धवट असतात, त्यांना नळी नसते, ते टोपीसारखे दिसतात आणि खालून पाहिले तर त्यांत दोन पोकळ्या व मधोमध विणलेली एक आडवी पट्टी दिसते. त्या पट्टीच्या एका बाजूला अंड्यांची खोली होते आणि दुसऱ्या बाजूने नळी खाली उतरते. हे एकदा कागदावर काढलेले मूल ते विसरत नाही.

येथे चित्राने शोभेचे काम केलेले नाही. त्याने मुलाला निर्णय घ्यायला भाग पाडले आहे. छायाचित्रात दार कोठे आहे हे ठरवावे लागत नाही, ते कॅमेऱ्याने परस्पर ठरवलेले असते. पेन्सिलीला मात्र प्रत्येक रेष कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे ठरवावेच लागते, आणि जेथे ते ठरवता येत नाही तेथे आपल्याला काय माहीत नाही हे उघडे पडते. शोधाची सुरुवात तेथून होते. म्हणूनच ‘संशोधन म्हणजे तक्ते आणि आकडे, त्यात चित्रे कशाला’ असे म्हणणारे गंभीर लोकही मला सजावटवाल्यांइतकेच चुकलेले वाटतात. किती खोपे पूर्ण आणि किती अपूर्ण याचा तक्ता जरूर करावा, पण ‘अपूर्ण’ हा रकाना असला पाहिजे हे चित्र काढल्याशिवाय कोणाला सुचणार?

तो रकाना भरता भरता पुढचा प्रश्न येतो: हे खोपे मोडलेले आहेत, की सोडून दिलेले? दोन-तीन आठवडे त्याच झाडाची चित्रे काढणाऱ्या गटाला दिसते की विणणारा पक्षी डोक्यावर पिवळाधमक आहे, आणि अधूनमधून येऊन टोपीत बसून, आतबाहेर पाहून निघून जाणारा पक्षी चिमणीसारखा तपकिरी आहे. पिवळा तो नर आणि तपकिरी ती मादी. विणकाम नराचे असते. खोपा टोपीच्या अवस्थेत आला की मादी येऊन तो पारखते. पसंत पडला तर नर पुढची नळी विणून तो पूर्ण करतो आणि नंतर दुसऱ्या खोप्याच्या मागे लागतो, नापसंत झाला तर तो अर्धाच राहतो. टोपीपर्यंत यायला त्याला साधारण आठ दिवस आणि पूर्ण खोप्याला साधारण अठरा दिवस लागतात, म्हणजे चौथीतल्या मुलांच्या धीरात बसेल एवढाच हा काळ आहे. सुगरणीच्या या संसाराचा उलगडा पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम येथे केला, तोही एकाच वसाहतीकडे दीर्घकाळ पाहत राहून. गावातल्या झाडाखाली कागद घेऊन बसलेली मुले त्याच पद्धतीने काम करीत असतात, आणि हे त्यांना आवर्जून सांगावे.

आता कविता. तक्त्याच्या कोपऱ्यात उतरवून काढलेल्या कवितेचा मला विशेष राग आहे, कारण तेथे ती कोणी वाचत नाही. अक्षर पाहून पुढे जातात. बहिणाबाईंच्या कवितेत पिल्लांसाठी खोपा विणणारी आई आहे आणि झाडावर विणणारा नर आहे. हे दोन्ही एकाच वर्गात समोरासमोर आले की चर्चेला जी धार येते, ती सजवलेल्या प्रकल्पाला कधीच येत नाही, कारण तेथे कविता आणि माहिती शेजारी शेजारी राहूनही एकमेकींशी बोलत नाहीत. यावर ‘कविता चुकली’ असा निकाल देऊन मोकळे होणारे शिक्षकही असतात, आणि तसे करणे अरसिकपणाचे तर आहेच, शिवाय आळसाचे आहे. त्याच कवितेत एवढ्याशा चोचीने हे सारे काम होते याचे जे नवल आहे, ते शेतात राबता राबता नीट पाहिलेल्या बाईचे निरीक्षण आहे. कवयित्रीने काय पाहिले, काय मनाने भरले आणि ते का भरावेसे वाटले असेल, हे तीन प्रश्न मुलांना विचारावेत. चौथीच्या मुलांना ते पेलतात.

मुलांनी स्वतः लिहायच्या कवितेतही हाच फरक आहे, आणि येथे घोळ घालणारी मुख्य वस्तू म्हणजे यमक. यमक जुळवायला बसलेले मूल पक्ष्याकडे पाहणे सोडून शब्दांमागे धावते आणि अशा ओळी तयार होतात:

सुगरण आहे हुशार फार,
खोपा तिचा सुंदर अपार.

यात सुगरणीऐवजी मुंगी आणि खोप्याऐवजी वारूळ घातले तरी काही बिघडत नाही. म्हणजे या ओळी सुगरणीविषयी नाहीतच. त्यापेक्षा मुलाला सांगावे की दहा मिनिटे एकाच पक्ष्याकडे पाहा आणि त्याने जे केले तेवढेच, ज्या क्रमाने केले त्या क्रमाने, छोट्या ओळींत लिही. ‘सुंदर’, ‘छान’, ‘हुशार’ हे शब्द आज वापरायचे नाहीत. मग हाती काहीसे असे येते:

पाते घेऊन आला.
टोक आत खुपसले, दुसऱ्या बाजूने ओढले.
परत खुपसले, परत ओढले.
वारा आला तेव्हा खोपाही झुलला, तोही.
पाते खाली पडले. तो आणायला गेला नाही.

यात यमक नाही आणि नेहमीच्या अर्थाने ही कविता आहे की नाही यावर शिक्षकदालनात वाद होऊ शकेल. मी ती कविताच मानतो. शेवटच्या ओळीवर वर्गात कोणीतरी हमखास विचारते की का नाही गेला, आणि दुसऱ्या दिवशी मुले झाडाखाली पडलेली पाती मोजू लागतात, ती उसाची आहेत की भाताची की गवताची हे पाहू लागतात, लांबी मोजपट्टीने मोजतात. कवितेची एक ओळ अशा रीतीने गणिताच्या वहीत पोहोचते.

एखादा प्रकल्प या दोहोंपैकी कोणत्या जातीचा हे ओळखण्यासाठी मी एकच गोष्ट पाहतो: चुकलेले पहिले चित्र फाइलमध्ये आहे की नाही. पाहून केलेल्या कामात बाजूने भोक असलेला पहिला खोपा असतो, मग दार खाली आलेला दुसरा असतो आणि मग आतली पट्टी दाखवणारा तिसरा. सजवलेल्या कामात पहिले आणि तिसरे असे काही नसते, एकच ‘फेअर’ प्रत असते. दुर्दैवाने आपली ‘फेअर करून आण’ ही शिस्तच हा पुरावा नष्ट करते. पालक मळलेला कागद फेकून देतात आणि नव्यावर रेघा आखून देतात. मळलेला कागदच आधी तपासायला मागावा.

मूल्यमापनाच्या नोंदवहीतही हा फरक उतरला पाहिजे. ‘प्रकल्प सुबक व नीटनेटका करतो’ ही वर्णनात्मक नोंद वर्षानुवर्षे तयार पुस्तिकांतून उतरवली जाते आणि ती मुलाबद्दल काहीही सांगत नाही. ‘पहिल्या चित्रात दार बाजूला दाखवले होते, प्रत्यक्ष पाहून स्वतः दुरुस्त केले’ ही नोंद लिहायला तेवढाच वेळ लागतो. नोंद लिहिण्यापूर्वी चित्र काढताना आधी माहीत नसलेले काय दिसले, एवढे मुलाला तोंडी विचारावे. सजवलेल्या प्रकल्पाचा मालक येथे आईकडे पाहतो.

राहिली गोष्ट वेळापत्रकाची, आणि बहुतेक ठिकाणी घोडे अडते ते येथेच. सुगरणीचे विणकाम पावसाळ्यात चालते, म्हणजे आपली शाळा जूनमध्ये उघडते तेव्हाच खोप्यांचा हंगामही सुरू होतो. परंतु प्रकल्प वाटले जातात ते दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर किंवा दुसऱ्या सत्रात, जेव्हा झाडावर रिकामे खोपे लोंबत असतात आणि ते उतरवून टांगण्यापलीकडे काही करता येत नाही. विषय हंगाम पाहून द्यावा. भर विणीच्या दिवसांत प्रदर्शनासाठी फांदीसकट खोपा तोडून आणणाऱ्या शाळेला बक्षीस तर देऊच नये. हंगाम संपल्यावर आपोआप गळून पडलेला खोपा वर्गात जरूर आणावा, आणि तो टांगून ठेवण्याऐवजी मुलांनी तो उकलून किती पाती निघतात ते पाहावे. जेथे खोपे नाहीत अशा शहरी शाळांनी कावळ्याचे घरटे किंवा भिंतीवरची मुंग्यांची रांग घ्यावी. पद्धत तीच राहते. स्नेहसंमेलनाचा फलक, वर्गाची सजावट, पाहुण्यांसाठीचे स्वागतचित्र यांत चमकी आणि रंगीत कागद हवे तितके वापरावेत, त्यावर माझा काहीही आक्षेप नाही. फक्त त्या कामाची नोंद कलाशिक्षणाच्या रकान्यात करावी, परिसर अभ्यासाच्या नव्हे.