क्रेडिट कार्डाची थकबाकी : तडजोडीचा अर्ज नेमका कुठे अडतो

कार्डाचे बिल आवाक्याबाहेर गेले की मुंबईत दोन सल्ले हमखास मिळतात: फोन उचलू नका, नाही तर सरळ नादारी घ्या. पहिल्याने व्याज थांबत नाही. दुसरा मार्ग ऐकायला सोपा आहे, एवढेच. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींसाठीचा भाग कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झाला आहे; त्यामुळे मुंबईतील पगारदाराला अजूनही 1909 च्या कायद्याखाली उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि नादार ठरल्यावर कायद्याने वगळलेल्या वस्तू सोडून त्याची मालमत्ता ऑफिशियल असाइनीकडे, म्हणजे नादाराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या न्यायालयाच्या अधिकाऱ्याकडे, जाते. त्याआधी बँकेशी लेखी तडजोडीचा प्रयत्न करणे केव्हाही बरे.

तडजोडीची वेळ बहुतेकांची चुकते. किमान देय रक्कम 90 दिवसांत पूर्ण भरली नाही तर खाते अनुत्पादक (बँकेच्या हिशेबी थकीत, म्हणजे एनपीए) ठरते, आणि हे दिवस वसुलीचा पहिला फोन आल्यापासून नव्हे, तर स्टेटमेंटवर छापलेल्या देय तारखेपासून मोजतात. मुदत संपण्यापूर्वी संपूर्ण बाकीचे कमी व्याजाच्या हप्त्यांत रूपांतर मागावे. महिना साडेतीन टक्के दर धरला तर एक लाखाच्या बाकीवर 3,500 रुपये व्याज आणि त्यावर 630 रुपये जीएसटी लागतो, म्हणजे चार हजार भरूनही मुद्दल जागचे हलत नाही. मुदत उलटल्यावर एकरकमी तडजोडीचा, म्हणजे बाकीपेक्षा कमी रक्कम एकदम भरून खाते मिटवण्याचा, पर्याय उरतो. मात्र तो कोणाचा हक्क नव्हे, प्रत्येक बँक तो आपल्या धोरणानुसार देते.

अर्जासोबत पॅन, पत्त्याचा पुरावा, कार्डाची अलीकडची स्टेटमेंट आणि इतर कर्जांची यादी जोडावी. खरी अडचण उत्पन्न बुडाल्याच्या पुराव्याची असते. बँक कार्यमुक्तीचे पत्र मागते आणि "उद्यापासून येऊ नका" एवढेच तोंडी सांगून काढलेल्या माणसाकडे ते नसते; जणू मालक काढून टाकताना लेटरहेड घेऊनच बसतो! अशा वेळी पगार जमा होणे थांबलेले दाखवणारा खातेउतारा, पुढच्या महिन्यांची वर्गणी नसलेले भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक आणि 26एएस (कापलेल्या कराची नोंद दाखवणारा प्राप्तिकर खात्याचा उतारा) हे तिन्ही कागद एकत्र द्यावेत, कारण एकट्या पासबुकावर "पुरावा अपुरा" असा शेरा सहज पडतो. आजारपण असल्यास डिस्चार्ज कार्ड आणि बिले जोडावीत. किती रक्कम कधी भरता येईल आणि ती कुठून येईल, हेही अर्जात लिहावे; नुसती दयेची विनंती बाजूला पडते.

वसुली एजंटाने फोनवर ठरवलेला आकडा म्हणजे तडजोड नव्हे. बँकेच्या लेटरहेडवर कार्डाचे शेवटचे चार अंक, ठरलेली रक्कम, अंतिम तारीख आणि उर्वरित रक्कम माफ केल्याचे वाक्य असलेले पत्र हाती आल्याशिवाय एक रुपयाही भरू नये, आणि भरताना तो कार्डाच्या खात्यातच भरावा, एजंटाच्या यूपीआयवर कधीही नाही. अंतिम तारीख म्हणजे रक्कम जमा होण्याची तारीख समजावी. त्या दिवशी चेक टाकणाऱ्यांची तडजोड रद्द होते आणि जुनी बाकी व्याजासह पुन्हा उभी राहते. रक्कम भरल्यानंतर थकबाकी नसल्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. पतअहवालात मात्र "सेटल्ड" अशी नोंद होते, "क्लोज्ड" नव्हे, आणि पुढे गृहकर्ज मागताना ती आडवी येते. म्हणून हप्त्यांनी पूर्ण फेड शक्य असेल, तर सवलतीच्या मोहात पडू नये.

बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणाऱ्यांचे अर्ज दोन कारणांनी परत येतात. एक, आधी बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवस उत्तराची वाट पाहिलेली नसते. दुसरे, "बँकेने तडजोड नाकारली" हीच तक्रार असते. तो बँकेचा व्यावसायिक निर्णय असल्याने लोकपाल त्यात पडत नाही. सकाळी 8 पूर्वी किंवा संध्याकाळी 7 नंतर येणारे वसुलीचे फोन, नातेवाइकांना दिलेला त्रास, पैसे भरूनही न सुधारलेली नोंद, या तक्रारींना मात्र तेथे वाव आहे. चुकीच्या नोंदीबाबत बँक किंवा पतमाहिती कंपनीकडे (सिबिलसारख्या, पतअहवाल तयार करणाऱ्या) तक्रार केल्यास 30 दिवसांत निवारण व्हावे लागते. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते, म्हणून तक्रारीची तारीख दिसणारी पोच जपून ठेवावी.