सात बिट्सच्या वाटेवरून तीन लिप्या

सोलापुरात सभेची किंवा लग्नाची पत्रिका मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत छापली तरी कुणाला नवल वाटत नाही. तीच पत्रिका ई-मेलने पाठवताना मात्र जरा थांबून बघावे. कारण ज्या नियमांवर ई-मेल उभा राहिला, त्यांत या तिन्हींपैकी एकाही लिपीला जागा नव्हती.

एका सर्व्हरने दुसऱ्याच्या हाती टपाल कसे द्यायचे, हे एसएमटीपी हा नियमसंच ठरवतो. जॉन पोस्टेल यांनी तो १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात मांडला. अट अशी, की प्रत्येक चिन्ह सात बिट्समध्ये, म्हणजे शून्य-एकच्या सात घरांत, बसले पाहिजे. सात बिट्सची चिन्हे होतात १२८. रोमन अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि काही यांत्रिक खुणा एवढ्यात ती संपतात. आपल्या 'स'ला यूटीएफ-८ या, सगळ्या लिप्या संगणकात साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट्स) लागतात आणि तिन्हींत आठवा बिट वापरलेला असतो. तो बिट वाटेत छाटला गेला, की अक्षराचा चुराडा.

१९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम हे मानक आणले. जगभरचे सर्व्हर बदलत बसण्यापेक्षा मजकूरच जुन्या वाटेला सोसेल असा करायचा, हा त्यामागचा विचार मला फार मोठा वाटतो. त्यातल्या बेस६४ या रीतीत तीन बाइट, म्हणजे २४ बिट्स घेतात, त्यांचे सहा-सहाचे चार गट पाडतात आणि प्रत्येक गटाला ६४ साध्या चिन्हांपैकी एक देतात.

देवनागरीचे एक चिन्ह नेमके तीन बाइटचे, म्हणून ते नेमके चार खुणांत बसते. 'स' होतो ४, के, एस, ४. 'सोलापूर'मध्ये काना-मात्रा धरून सात चिन्हे आहेत. त्यांचे २१ बाइट आणि प्रवासात २८ खुणा. रोमन लिपीत तेच नाव सात बाइटमध्ये जाते.

जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडून विषयाची ओळ पाहा. ती बेस६४मध्ये असेल आणि विषय मराठी अक्षराने सुरू होत असेल, तर सांकेतिक मजकूर 'चार, के, एस' असा सुरू होतो. तेलुगू असेल तर 'चार, एल, सी' आणि कन्नड असेल तर 'चार, एल, के'. सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरातून आलेल्या मेलची भाषा मजकूर वाचण्याआधीच ओळखता येते! पुढे मात्र हा नेम टिकत नाही. दोन शब्दांमधली मोकळी जागा एकाच बाइटची असते, त्यामुळे तीन-तीन बाइटचे गट सरकतात.

पत्त्याचे मात्र असे जमले नाही. त्यावरूनच टपाल कुठे जायचे ते ठरते, म्हणून तो वाटेतल्या सर्व्हरला जसाच्या तसा वाचता यावा लागतो. देवनागरी पत्त्यांसाठीचे मानक, आरएफसी ६५३१, आले ते २०१२ मध्ये. त्यात प्रत्येक सर्व्हरने जोडणी होतानाच 'मला हे पत्ते कळतात' असे जाहीर करायचे असते. पुढच्या सर्व्हरने ते केले नाही, तर मेल पाठवणाऱ्याकडे परत येतो.