शेंगदाण्याचं वावडं असेल तर आमचा माल घेण्याआधी हे वाचा

नमस्कार,

आमच्या चटण्या, लाडू, मेतकूट आणि दिवाळीचा फराळ तुम्ही विश्वासाने घरी नेता, म्हणून आधी महत्त्वाचं सांगतो. आमचा एकही पदार्थ शेंगदाणामुक्त नाही. दाण्याची चटणी ज्या ग्राइंडरमध्ये निघते, त्यातूनच जवसाची आणि कारळ्याचीही निघते. भांडी आम्ही रोज घासतो, पण दाण्याचं कूट करताना त्याची पूड खोलीभर उडते आणि शेजारी झाकून ठेवलेल्या बेसनावरही बसते. घरात कुणाला दाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल, तर आमच्याकडून काहीही घेऊ नका. तुमच्यासारखं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आपल्या स्वयंपाकात दाणा कुठे लपलेला असेल याचा नेम नसतो. साबुदाण्याची खिचडी सगळ्यांना माहीत असते. पण काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, अळूच्या फदफद्यात आणि रस्सा दाट व्हावा म्हणून उसळीतही तो असतो. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात दाण्यातली प्रथिनं उरतात आणि अ‍ॅलर्जी होते ती या प्रथिनांचीच. लग्नाच्या पंगतीत किंवा एकादशीला कुणाच्या घरी जेवायला बसलात, तर वाढणाऱ्याला विचारू नका, रांधणाऱ्याला विचारा.

लेबल कसं वाचायचं

पाकिटाच्या मागे दोन ओळी आहेत. ‘यात आहे’ या ओळीत आम्ही मुद्दाम घातलेले पदार्थ असतात. ‘अंश असू शकतो’ या ओळीतले पदार्थ त्याच खोलीत हाताळले जातात. ही दुसरी ओळ नुसती नावापुरती छापलेली नाही, तिलाही पहिलीइतकंच महत्त्व द्या. 2020 च्या भारतीय लेबलिंग नियमांप्रमाणे ग्लूटेन असलेली धान्यं, कोलंबी-खेकड्यांसारखे कवचधारी प्राणी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापलीकडचं सल्फाइट यांचा उल्लेख सक्तीचा आहे. या यादीत तीळ नाही. तरी आम्ही तो छापतो, कारण तिळाची प्रतिक्रियाही तितकीच तीव्र होऊ शकते. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा आहे. तिकडे मुलाबाळांना फराळ पाठवणाऱ्यांनी डब्यावरचं लेबल काढू नये.

कधी घाबरायचं

अंगावर गांधी उठल्या की आपण ‘पित्त उठलं’ म्हणतो आणि आमसुलाचं पाणी लावतो. नुसत्या गांधी असतील, माणूस नीट बोलत असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्या आणि त्याला एकटं सोडू नका. पण त्यासोबत खालचं काही दिसलं, तर मामला गंभीर आहे: घसा आवळल्यासारखा वाटणं, आवाज घोगरा होणं, जीभ किंवा ओठ सुजणं, छातीत शिट्टी वाजणं, सारखा खोकला, पुन्हा पुन्हा उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, जीव घाबरा होणं. यालाच डॉक्टर अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. काहींच्या अंगावर एकही गांध उठत नाही. वावड्याचा पदार्थ पोटात गेला आहे आणि श्वास लागतोय किंवा चक्कर येतेय, एवढंही पुरेसं आहे.

लहान मुलांना सांगता येत नाही. खेळणारं मूल एकदम गप्प होतं, जीभ बोटांनी ओरबाडतं, मांडीवर येऊन मलूल पडतं. खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात असं झालं, तर झोप आली असेल म्हणून थोपटत बसू नका.

काय करायचं

यावर पहिलं औषध एकच: अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, स्नायूत. सेटिरिझिन किंवा एव्हिलने खाज कमी होते, पण बंद होत चाललेला घसा उघडत नाही आणि उतरलेला रक्तदाब वर येत नाही. गोळीचा गुण येतो का याची वाट पाहण्यातच मोलाचा वेळ जातो. ब्रिटनमधल्या अशा मृत्यूंच्या एका अभ्यासात अन्नाच्या प्रतिक्रियेनंतर हृदय किंवा श्वास बंद पडायला साधारण 30 मिनिटं लागल्याचं आढळलं, आणि कीटकाच्या डंखानंतर 15.

डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलेलं असेल, तर ठरवून दिलेला डोस लगेच द्या. हात थरथरतील, छाती धडधडेल. ते थोड्या वेळात ओसरतं. मग 108 किंवा 112 ला फोन करा. पाच मिनिटांत उतार पडला नाही आणि डॉक्टरांनी दुसरा डोसही लिहून दिलेला असेल, तर तोही द्या.

रुग्णाला आडवं झोपवा, पाय उशीवर उंच ठेवा. श्वास लागत असेल तर पाय पसरून बसू द्या. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर कुशीवर वळवा. त्याला उभं करू नका, जिना उतरवू नका. गावाकडे रुग्णाला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेतात, तसं अजिबात करू नका. रक्तदाब उतरलेला माणूस ताठ बसला की हृदयाकडे परत येणारं रक्त आणखी कमी होतं आणि तो तिथल्या तिथे कोसळू शकतो. रुग्णवाहिका लांब असेल तर चारचाकी बघा आणि मागच्या सीटवर आडवं करून न्या. ताक, लिंबूपाणी, मीठ-पाणी पाजू नका, बोटं घालून उलटी काढू नका.

बरं वाटलं तरी दवाखान्यात जा आणि डॉक्टर सांगतील तितके तास तिथेच थांबा. काही जणांना त्याच खाण्याने काही तासांनी दुसरा झटका येतो. जाताना पाकीट सोबत न्या, त्यावरच्या घटकांवरून डॉक्टरांना अंदाज येतो.

एकदा असा झटका येऊन गेला असेल, तर अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना भेटा. पेनसारखं अ‍ॅड्रेनॅलिन इंजेक्टर आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून घरी काय ठेवायचं, किती द्यायचं, ते कुठे साठवायचं हे त्यांच्याकडून लिहून घ्या आणि घरातल्या दोघा-तिघांना इंजेक्शन द्यायला शिकवून ठेवा. शाळेतल्या बाईंनाही सांगून ठेवा.

आमच्या कुठल्याही पदार्थाने त्रास झाला, तर आम्हाला बॅच नंबर कळवा. तो नंबर पाकिटाच्या खालच्या शिवणीजवळ छापलेला असतो. त्या बॅचचा उरलेला माल आम्ही त्याच दिवशी विक्रीतून काढून बाजूला ठेवतो आणि ज्यांनी तो नेला आहे त्यांना फोन करतो.