शिकाऊ परवाना आणि ‘थांबा’ची पाटी: अर्ज कसा करायचा, नाक्यावर आधी कोण जाणार

लर्निंग लायसन्सची तयारी करणाऱ्याला लाल अष्टकोनी पाटी ओळखता येतेच. चाचणीत त्या चित्राला ‘थांबा’ हा पर्याय निवडला की गुण मिळतो आणि विषय संपतो. पण थांबल्यावर पुढे काय? कोणाला आधी जाऊ द्यायचं, आपली पाळी कधी? गाडी रस्त्यावर आली की पहिल्याच दिवशी हे लागतं. म्हणून इथे अर्जाची माहिती आटोपशीर दिली आहे आणि नाक्यावरच्या अग्रक्रमावर मुद्दाम जास्त लिहिलं आहे.

अर्ज कोणाला करता येतो

मोटार किंवा गिअरची दुचाकी शिकायची तर वय १८ पूर्ण हवं. १६ व्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी, आणि त्यालाही पालकांची लेखी संमती लागते. रस्त्यावर दिसणाऱ्या ११० किंवा १२५ सीसीच्या स्कूटरला ही सवलत नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

बस-ट्रकसारखं जड प्रवासी किंवा मालवाहू वाहन चालवायचं असेल, तर वय २० हवं आणि हलक्या मोटारीचा परवाना हाती येऊन किमान एक वर्ष झालेलं हवं.

कागदपत्रं, शुल्क, चाचणी

अर्ज परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर भरायचा. त्यात महाराष्ट्र निवडून आपल्या भागातलं आरटीओ कार्यालय निवडायचं. मुंबईत ताडदेव, अंधेरी, वडाळा आणि बोरिवली अशी चार कार्यालयं आहेत. आधार क्रमांक देऊन अर्ज केला तर नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो तिथूनच येतात, आणि चाचणीही घरबसल्या देता येते. मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला आहे ना, हे आधी पाहा, कारण ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. आधारशिवाय अर्ज करायचा असेल तर वयासाठी जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, पत्त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असे पुरावे जोडून कार्यालयात जावं लागतं.

प्रकृतीबद्दलचं स्वतःचं घोषणापत्र म्हणजे नमुना १. तो सगळ्यांनाच भरावा लागतो. चाळिशी ओलांडलेल्यांना, तसंच वाहतुकीच्या वाहनासाठी अर्ज करणाऱ्यांना, नोंदणीकृत डॉक्टरचं नमुना १-अ मधलं प्रमाणपत्र लागतं. केंद्रीय नियमांप्रमाणे शुल्क वाहनाच्या प्रत्येक वर्गासाठी १५० रुपये आणि चाचणीचे ५० रुपये. पोर्टलवर जी रक्कम दिसते तेवढीच भरायची.

चाचणीआधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ दाखवला जातो, तो नीट पाहावा. प्रश्न रस्त्यावरच्या चिन्हांवर, वाहतुकीच्या नियमांवर, अपघात झाल्यास चालकाच्या कर्तव्यांवर, फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर आणि गाडीत ठेवायच्या कागदपत्रांवर असतात. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. एक कळकळीची विनंती: ही चाचणी एजंटला देऊ देऊ नका. आपल्या नावावर दुसऱ्याने दिलेली उत्तरं नाक्यावर आपल्या उपयोगाला येत नाहीत.

परवाना सहा महिने चालतो. तेवढ्या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस हवी. शेजारी पक्का परवाना असलेली व्यक्ती हवी आणि तिला वेळ पडल्यास गाडी थांबवता येईल अशी तिची जागा हवी. दुचाकी शिकताना मागे शिकवणाऱ्याशिवाय कोणालाही बसवता येत नाही, मित्रालाही नाही.

पाटीपाशी नेमकं काय करायचं

अष्टकोनी आकार फक्त याच पाटीला असतो, त्यामुळे रंग उडाला तरी ती ओळखता येते. टोक खाली असलेला, लाल किनारीचा पांढरा त्रिकोण म्हणजे ‘मार्ग द्या’. तिथे वेग कमी करून वाट द्यायची, रस्ता मोकळा असेल तर थांबायची सक्ती नाही. ‘थांबा’च्या पाटीला मात्र रस्ता रिकामा असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. डावीकडे वळणाऱ्यालाही हे लागू आहे आणि स्कूटरवाल्यालाही.

थांबायचं ते थांबारेषेच्या अलीकडे. रेषा पुसली गेली असेल तर झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे, आणि तेही नसेल तर मोठा रस्ता सुरू होतो त्याच्या अलीकडे. आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी गाड्या उभ्या असतात, टपरी असते, रेषेवरून पलीकडचं काही दिसतच नाही. अशा वेळी दोनदा थांबावं: एकदा रेषेपाशी, मग हळूहळू पुढे सरकून दोन्ही बाजू दिसतील तिथे पुन्हा.

मग क्रम असा. आधी रस्ता ओलांडणारी माणसं. त्यानंतर मोठ्या रस्त्यावरची दोन्ही दिशांची वाहनं, मग ती बेस्टची बस असो की सायकल. समोरच्या गल्लीतूनही कोणी थांबून बाहेर पडत असेल, तर उजवीकडे वळणाऱ्याने सरळ जाणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. नाक्यावर पोलीस उभा असेल तर त्याचा हात पाटीपेक्षा आणि सिग्नलपेक्षाही वर. रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाची गाडी आली तर बाकी सगळा क्रम बाजूला ठेवून तिला वाट द्यायची. ती अडवली तर १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

आता मुंबईचा खरा प्रश्न: बहुतेक गल्ल्यांच्या तोंडाशी पाटीच नसते. तिथे दोन नियम धरा. मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला आधी वाट. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर आपल्या उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे आडव्या रस्त्याचा आपल्याजवळचा अर्धा भाग उजवीकडून येणाऱ्यांचा असतो आणि त्यांच्याशी गाठ आधी पडते. गोल चौकात आत फिरणाऱ्या गाडीला अग्रक्रम असतो, तीही उजवीकडूनच येते. सोसायटीच्या गेटमधून किंवा पेट्रोल पंपातून बाहेर पडणाऱ्याने रस्त्यावरच्या सगळ्यांना आधी जाऊ द्यायचं. रात्री सिग्नल लुकलुकत असेल तर लाल म्हणजे ‘थांबा’ची पाटी समजा, पिवळा म्हणजे वेग कमी करून जपून पुढे.

इंटरनेटवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांनी इथे सांभाळावं. तिथे अनेक नाक्यांवर चारही बाजूंना ‘थांबा’ची पाटी असते आणि जो आधी थांबला तो आधी निघतो. शिवाय गाड्या उजवीकडून चालतात. ‘मी आधी आलो’ या हिशेबावर मुंबईच्या नाक्यावर विसंबू नका.

मागून हॉर्न वाजू लागला की शिकाऊ चालक गडबडतो आणि गाडी पुढे काढतो. मागच्याच्या हॉर्नने आपली पाळी येत नाही. कायदाही या बाबतीत कडक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक चालवण्याची उदाहरणं घातली, त्यात लाल सिग्नल तोडणं आणि ‘थांबा’ची पाटी न पाळणं एकाच यादीत आहेत. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा घडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

पक्क्या परवान्याच्या दिवशी

शिकाऊ परवाना मिळून ३० दिवस झाले की पक्क्या परवान्याच्या चाचणीची वेळ घेता येते. सहा महिने संपायच्या आत ती द्यावी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १५ मध्ये चाचणीत काय पाहायचं ते लिहिलं आहे, आणि त्यात नाक्याचा भाग ठळक आहे: जवळ येताना वेग कमी करणं, आरसा पाहणं, वळण्याआधी आणि वळल्यावर गाडी योग्य जागी ठेवणं, ओलांडण्याआधी उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहणं. पोलीस किंवा सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर पादचाऱ्याला आधी जाऊ देतो की नाही, हेही तपासलं जातं. मान स्पष्ट वळवून पाहा, निरीक्षकाला ते दिसलं पाहिजे. गाडी आपली असो वा ड्रायव्हिंग स्कूलची, तिचा विमा आणि पीयूसी म्हणजे प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र चालू आहेत ना, हे आदल्या दिवशी पाहून ठेवा आणि ‘एल’ची पाटी काढू नका. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते.