५२ पिकाचं गाव : इचलकरंजीच्या यंत्रमागांची पार्श्वभूमी

इचलकरंजीत मजुरीची बोलणी सुरू झाली की पहिला आकडा निघतो तो ५२. कापडातल्या एका आडव्या धाग्याला इथे ‘पीक’ म्हणतात, आणि एका इंचात असे किती धागे बसतात त्यावरून कापडाचं पीक मोजतात. इंग्रजी शब्द आहे, शेतातल्या पिकाशी त्याचा संबंध नाही. ५२ पिकाच्या एका मीटरला किती पैसे हे ठरलं की बाकीच्या सगळ्या कापडांचे दर त्यावरून निघतात. कामगाराची मजुरी, खर्चीवाल्याला (व्यापाऱ्याच्या सुताचं कापड मजुरीने विणून देणाऱ्या मागमालकाला) व्यापाऱ्याकडून मिळणारा विणाईचा दर आणि संपातली मागणी ही सगळी पिकाच्याच भाषेत चालतात. असं का, हे कळायला या गावात माग कसे आले आणि घराघरांत कसे पसरले ते पाहावं लागतं.

हातकणंगले स्टेशनपासून काही मैलांवर, पंचगंगेच्या काठी वसलेलं हे घोरपड्यांच्या जहागिरीचं गाव. कोष्टी आणि देवांग घरांत हातमाग आधीपासून होते. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी अशा उद्योगाला पाठबळ दिलं. मुंबई-सोलापुरात गिरण्या भांडवलदारांनी उभ्या केल्या. इथे मात्र माग एकेक, दोन-दोन करून वाढले, हा फरक पुढच्या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे. १९३०च्या दशकात इथली रंगीत लुगडी दूरवर विकली जायची. स्वातंत्र्यानंतर काठाची धोतरं आणि लुगडी हातमागासाठी राखून ठेवण्याचं धोरण आलं, तसा माल बदलत गेला : साधी धोतरं, मलमल, केंब्रिक, पॉपलीन.

सुरुवातीच्या कारखान्यात छताखाली एक लांब शाफ्ट फिरायचा आणि पट्ट्यांवरून सगळे माग चालायचे. त्यामुळे माग एका रांगेत, एका छपराखाली लागत. प्रत्येक मागाला साधारण एक अश्वशक्तीची स्वतंत्र मोटर आली आणि चार माग घराच्या पडवीतही बसू लागले. कायद्याने त्याला जोर दिला. १९४८ चा कारखाना कायदा वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार झाले की लागू होत असे, आणि थोड्या मागांच्या कारखान्यांना अबकारी करात सवलत होती. मग २४ मागांचा एक कारखाना ठेवण्यापेक्षा भाऊ, मुलगा, सून यांच्या नावाने चार-चार मागांचे सहा ठेवणं फायद्याचं ठरलं. कागदावर कारखाने वाढले, तरी भिंतीपलीकडचा खडखडाट एकच होता. रजा, भविष्य निर्वाह निधी, बोनस या गोष्टींसाठी कामगाराला पुढे पिढ्यान्‌पिढ्या झगडावं लागलं त्याचं मूळ या विभागणीत आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

याच विभागणीतून ‘खर्चीवाला’ उभा राहिला. माग त्याचे, वीजबिल त्याचं, कामगार त्याचे. सूत मात्र व्यापाऱ्याचं. व्यापारी भरलेली बिमं (ताण्याचे, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ) आणि बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्यांचं सूत देतो, कापड परत घेतो आणि पिकामागे ठरलेले पैसे देतो. सुताचा भाव चढला-पडला तर त्याची झळ व्यापाऱ्याला, पण मंदीत बीम मिळालं नाही तर माग खर्चीवाल्याचे उभे राहतात, आणि विजेचा स्थिर आकार तेव्हाही भरावाच लागतो. अनेक खर्चीवाले पूर्वी स्वतः कामगार किंवा जॉबर (मागांची देखभाल करणारे मुकादम) होते. म्हणून इथे मालक आणि मजूर यांच्यातली रेघ गिरणगावाइतकी ठळक कधीच नव्हती.

आता प्रत्यक्ष काम. ताण्याचं सूत आधी वार्पिंगला, म्हणजे शेजारी-शेजारी बिमावर गुंडाळायला जातं. ४८ इंच पन्ह्याच्या साध्या कापडाला ताण्याचे सुमारे २,५०० धागे लागतात. ते एकदम गुंडाळता येत नाहीत, म्हणून चारशेच्या आसपास धाग्यांची सहा बिमं करून ती सायझिंगमध्ये एकत्र करतात. सायझिंग म्हणजे खळ. मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च शिजवून, त्यात मऊपणा आणणारा पदार्थ घालून, सूत त्यातून काढतात आणि गरम सिलिंडरवर वाळवतात. एकेरी सुती धाग्यावर वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के खळ चढते. कमी चढली तर वही (धागे वर-खाली करणारी, डोळ्यांच्या तारांची चौकट) आणि फणीत (बाणा ठोकून बसवणाऱ्या कंगव्यात) घासून धाग्याला पिंज येतो आणि तो तुटतो. जास्त चढली किंवा सूत करपेपर्यंत वाळलं तर धागा कडक होतो, ताण सोसत नाही आणि तरीही तुटतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत हे जास्त होतं, म्हणून जमिनीवर पाणी मारतात.

मागावर वेगळ्या जातीचं कापड लावायचं असेल तर वहिफणीवाला येतो. तो २,५०० धागे एकेक करून वहीच्या डोळ्यांतून आणि मग दोन-दोन करून फणीच्या घरांतून ओढतो. एक धागा चुकीच्या घरात गेला तर संपूर्ण बिमाच्या लांबीभर कापडात उभी रेघ राहते. जात तीच असेल तर नव्या बिमाचे धागे जुन्या टोकांना गाठवून काम भागतं.

विणताना कामगाराच्या हाती चार, कधी सहा माग असतात. साधा माग मिनिटाला सुमारे १४० वेळा धोटा फेकतो; धोटा बाण्याची कांडी (सूत गुंडाळलेली नळी) आडवी नेतो आणि दर फेकीला एक पीक पडतं. बारा तासांच्या पाळीत न थांबता चालला तर १,००,८०० पिकं पडतील. कांडी बदलणं, धागे जोडणं, वीज जाणं हे वजा जाता ७५ टक्के धरले तर ७५,६०० उरतात. ५२ पिकाच्या एका मीटरमध्ये २,०४७ पिकं बसतात, म्हणजे एका मागाचं कापड सुमारे ३७ मीटर आणि चार मागांचं १४८. त्याच मागावर १०४ पिकाचं कापड लावलं तर मीटर निम्मे होतात आणि मेहनत तितकीच राहते. पिकावर मजुरी मोजायचं कारण एवढंच आहे, आणि ते न्याय्य आहे.

अन्याय शिरतो तो वेळेच्या हिशोबात. ३० काउंटच्या (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप) सुताची २५ ग्रॅमची कांडी साधारण हजार पिकं चालते, म्हणजे सात-सव्वासात मिनिटं. चार माग सांभाळणाऱ्याला दर दोन मिनिटांच्या आत कुठली तरी कांडी बदलावी लागते. पाळीत तीनशेच्या आसपास. त्या मधल्या वेळात तुटलेला ताणा शोधायचा, विणकरी गाठ मारायची, शेपूट अगदी आखूड कापायचं (लांब राहिलं तर फणीत अडकून शेजारचा धागा घेऊन तुटतं) आणि हूकने वही-फणीतून ओढून घ्यायचं. बाणा तुटून माग थांबला असेल तर कापड एक-दोन पिकं मागे घेऊन मगच सुरू करायचा, नाहीतर तिथे आडवी पट्टी दिसते. घडीच्या टेबलावर अशी पट्टी, तेलाचा डाग किंवा चिरा सापडला की तुकडा फेंटमध्ये, म्हणजे सदोष मालात जातो आणि कामगाराच्या मजुरीला कात्री लागते. पण सूतच कमकुवत असेल, बीम सैल भरलं असेल किंवा पिकर (धोट्याला ठोसा देणारा भाग) झिजला असेल तर माग वारंवार थांबतो, मीटर घटतात आणि ती घट पीसरेटवाल्या, म्हणजे विणलेल्या मालावर मजुरी मिळणाऱ्या कामगाराच्या खिशातून जाते. बीम यायला उशीर झाला तर उभ्या मागाचे पैसे मिळत नाहीत.

सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे धोटा उघड्या ताण्यात अडकणं. संरक्षक यंत्रणा नीट बसवली नसेल तर फणी त्याच्यावर आपटते आणि शेकडो धागे एका क्षणात तुटतात. ते जोडण्यात अर्धी पाळी जाते. धोटा बाहेर उडाला तर शेजारच्या मागावरच्या माणसाचा डोळाही जाऊ शकतो. आवाज इतका की पाळीभर ओठ आणि हातवारे यांवरच बोलणं चालतं, आणि वयाच्या चाळिशीत ऐकू कमी येऊ लागतं.

कांड्या भरणं बऱ्याच ठिकाणी बायकांच्या वाट्याला आलं. त्याचा दर नेहमीच विणाईहून खाली राहिला. विणकर म्हणून आधी आजूबाजूच्या गावांतले, मग विजापूर-बेळगाव भागातले, पुढे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातले लोक आले. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही एकाच खोलीत ऐकू येतात.

जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचं कापड बाजारातून कमी झालं. ती जागा भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या मागांनी भरली. गिरणगावाचं नुकसान आणि इथली भरभराट एकाच काळातली, हे इथल्या जुन्या कामगारांना बोचतं. कामगार संघटना इथे नेहमीच जागी होती; २०१३ मध्ये मजुरीवाढीसाठी यंत्रमाग कामगारांनी महिन्याहून जास्त काळ संप केला, आणि त्यातही वाद पुन्हा ५२ पिकाच्या दराचाच होता.

गावाच्या वाढीची किंमत नदीने मोजली. सायझिंगचं आणि प्रोसेसिंगचं पाणी, त्यात शहराचं सांडपाणी, सगळं पंचगंगेत जात राहिलं. २०१२ मध्ये काविळीची साथ आली, माणसं दगावली. २०२२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तरी रोज नळाला पाणी येण्याची गोष्ट अजून बोलण्यातच आहे.

आता धोट्याशिवायचे माग आले आहेत : बाणा पट्टीने ओढून नेणारा रॅपिअर आणि हवेच्या झोताने नेणारा एअरजेट. एअरजेट मिनिटाला सहाशेहून जास्त पिकं टाकतो आणि पन्हाही दुप्पट असतो, म्हणजे साध्या आठ मागांचं काम एकटा करतो. त्याला दाबाखालची हवा अखंड लागते, कॉम्प्रेसरचं वीजबिल वेगळं, आणि खळ थोडी जरी हलकी-भारी झाली तरी थांबे वाढतात. तिथे कांडीच नसल्याने कांडीवाली बाई लागत नाही, आणि एक माणूस अनेक माग बघतो. त्याला पगार महिन्यावर किंवा पाळीवर मिळतो, पिकावर नाही. साधे माग भंगारात किलोवर विकले जात आहेत. जे उरलेत, त्यांच्यावरच्या कामगाराची मजुरी मात्र अजून ५२ पिकाच्या दरावरूनच काढतात.